दर पंधरा दिवसांनी गायकवाड

गायकवाडांना विसरणं कोणालाच जमलं नाही, कारण विसरायला लागतो तेवढा वेळ ते देतच नसत. दर पंधरा दिवसांनी त्यांची फेरी. मधल्या चौदा दिवसांत माणूस बाकी सगळं विसरेल, बायकोशी भांडण कशावरून झालं तेही विसरेल. पण पंधराव्या दिवशी वाडीच्या तोंडाशी कुत्रं भुंकलं की घरोघर कळायचं, मलेरियावाले आले.

मलेरियावाले म्हणजे सरकारी भाषेत हिवताप सर्वेक्षण कार्यकर्ता. सत्तर सालानंतरची ती वर्षं. गेला गेला म्हणून ज्याला सगळ्यांनी निरोप दिला होता तो हिवताप मागच्या दाराने परत आला होता आणि कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत, डोंगराच्या पायथ्याच्या डबक्यांत त्याचा जावयासारखा पाहुणचार चालला होता. गायकवाडांनी घरोघर जायचं, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्याला कडू गोळी द्यायची आणि काच आमच्या आरोग्य केंद्रात आणून द्यायची. केंद्रात मी. काचेवरचं रक्त रंगवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि हिवतापाचे जंतू दिसतात का ते सांगायचं, हे माझं काम. थोडक्यात, ते चालत असत आणि मी बसत असे. नोकरीतली ही वाटणी मला फार न्याय्य वाटायची.

माणूस उंच, काटकुळा, रंगाने काळा आणि चालताना किंचित पुढे झुकलेला. खांद्यावर खाकी पिशवी, पायात टायरच्या चपला, बगलेत छत्री. ती छत्री त्यांनी भर पावसातही स्वतःच्या डोक्यावर फारशी धरली नाही. काचांची पेटी भिजू नये म्हणून ती पेटीवर धरायचे आणि स्वतः भिजायचे. मी एकदा म्हणालो, "गायकवाड, अहो डोकं पुसा." तर म्हणाले, "डोक्याचा रिपोर्ट द्यायचा नाय ना साहेब."

फेरीत प्रत्येक घरी तीन प्रश्न विचारायचे असा नियम होता. घरात कोणाला ताप आहे का? गेल्या पंधरा दिवसांत येऊन गेला का? कोणी पाहुणा आलाय का? वर्षानुवर्षं तेच विचारून ते प्रश्न गायकवाडांच्या तोंडात इतके बसले होते, की रामराम-नमस्काराच्या जागी तेच यायचे. कोणाच्या मयताला गेले तरी आधी दुःखाने मान हलवायची, उपरणं सारखं करायचं आणि मग हळूच, "घरात ताप कुनाला हाय का?"

त्यांच्या थोरल्या मुलीला बघायला पनवेलकडची मंडळी आली तेव्हाची गोष्ट त्यांच्या बायकोने, म्हणजे सुभद्राबाईंनी, मला स्वतः सांगितली आणि सांगताना दोनदा कपाळावर हात मारला. पाहुणे सतरंजीवर बसले. पोहे झाले. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीचं कौतुक झालं. मुलाचे मामा आता देण्याघेण्याचं काढणार, तेवढ्यात गायकवाडांनी खाकरून विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत कुनाला ताप?" मामा बिचारे सरळ मनाचे. म्हणाले, "मला आला होता की. थंडी वाजून." झालं! पिशवी आली, स्पिरिटचा बोळा आला, सुई आली. नवऱ्या मुलासमोर मामांचं बोट टोचून थेंब काचेवर. ती काच दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहिलं होतं 'मामा, पनवेल'. मामा पॉझिटिव्ह निघाले. गायकवाड गोळ्या घेऊन पनवेलपर्यंत गेले आणि त्या चिकाटीवर खूश होऊन त्या मंडळींनी सोयरीक पक्की केली. देण्याघेण्याचं राहूनच गेलं. मामा मात्र पुढे प्रत्येक लग्नकार्यात गायकवाड दिसले की खिशात हात घालून उभे राहायचे.

गोळीचं तर एक वेगळंच प्रकरण होतं. गोळी कडूजहर. लोक घ्यायचे, पाणी प्यायचे, मान डोलवायचे आणि मलेरियावाल्याची पाठ वळली की गालातली गोळी परसात थुंकायचे. म्हणून गायकवाडांनी पद्धत काढली. गोळी गिळली की लगेच नाव सांगायचं. स्वतःचं, बापाचं, गावाचं. गोळी जिभेखाली ठेवून माणसाला तीन नावं धड सांगता येत नाहीत. पुरुषांचं यात भागलं. बायकांशी गाठ पडली तेव्हा गाडं अडलं, कारण पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं आणि ते घ्यायचं नाही. बाई गप्प. गायकवाडांना वाटे, गोळी तोंडात. ते म्हणत, "गिळ." ती डोळ्यांनी सांगे, गिळली. शेवटी त्यांनीच तोड काढली, "मग उखाण्यात घे."

हे इतकं चाललं, की बायका मलेरियाचे उखाणे तयार ठेवू लागल्या. कशेळ्याच्या बाजारात मी स्वतः एकीला म्हणताना ऐकलं:

"गोळी होती कडू, पाणी प्याले घटाघटा,
काशिनाथरावांचं नाव घेते, आता तुमी हटा."

गायकवाड पिशवी उचलून खुशीत हटले. गोळी पोटात गेली होती.

आता जे सांगायचं ते एका घराचं. गावाचं नाव सांगत नाही; कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेला आहे एवढं पुरे. भाताची मोठी शेती असलेलं घर, पुढे ऐसपैस अंगण, मग ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर. घराची मालकीण एक म्हातारी. तिला सगळा गाव मोठी आई म्हणायचा. मुलगा गणपत खोपोलीला कारखान्यात पाळ्या करायचा आणि सून वेणू घरात. मोठी आई गायकवाडांना नावाने हाक मारत नसे. अंगणाच्या कडेला ते दिसले, की ओटीवरून आवाज यायचा, "ए मलेरिया! थांब तितंच."

ते थांबत. का थांबायचं ते दोघांनाही माहीत होतं. गायकवाडांचं घर छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेलं. "आमी धर्म बदलला," ते मला एकदा हसत म्हणाले, "मोठ्या आईनं तिची ओटी नाय बदलली." घरात शिरल्याशिवाय त्यांचं कामच होत नसे, आणि इतर घरं कुरकुरत का होईना त्यांना माजघरापर्यंत येऊ देऊ लागली होती. हे एक घर सोडून. हे घर तर फवारणीच्या पथकालाही आत घेत नसे, कारण पंप मारणाऱ्यांत दोघं गायकवाडांच्या वस्तीतले होते.

प्रत्येक भेटीची तारीख घराच्या भिंतीवर गेरूने लिहायची असा आणखी एक नियम. भिंत ओटीच्या पलीकडे. तिथवर हात कसा पोचणार? गायकवाड अंगणाच्या कडेच्या एका दगडावर तारीख लिहीत. वर्षभराने आमचे निरीक्षक तपासणीला आले. ते दगडासमोर उभे राहून बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "गायकवाड, या दगडाला ताप येतो का?"

"नाय साहेब."

"मग याची चोवीस वेळा भेट कशी घेतली?"

गायकवाडांनी खरं कारण सांगितलं नाही. मान खाली घालून मेमो घेतला. मी विचारलं तर म्हणाले, "कारण सांगितलं असतं तर साहेब पोलीस घेऊन आले असते. पोलीस माझ्याबरोबर एकदा येतील. मला दर पंधरवड्याला जायचंय."

मेमोनंतर त्यांनी मोठ्या आईशी एक तह केला. ती म्हणाली, "काच दे हिकडं. आमी आत लावून आनतो रक्त." त्यांनी ओटीच्या पायरीशी उकळलेली सुई, कापूस आणि काचा ठेवल्या, स्वतःच्या बोटाला टोचून तिला कृती दाखवली, आणि पुढच्या फेरीला त्या घरातून तीन काचा आल्या. थेंब कसे सुबक, गोल! गायकवाड मला त्या काचा दाखवताना जरा फुगलेच होते.

आता माझी पाळी, आणि इथे मला माझी बाजू मांडायला तोंड नाही. पावसाळ्यात माझ्या टेबलावर काचांची थप्पी हनुवटीपर्यंत यायची. सगळ्या पाहायच्या म्हणजे डोळे फुटायची वेळ. त्या घरातून आजवर कधी काही निघालं नव्हतं (निघणार कुठून, तिथून काच आलीच नव्हती), म्हणून मी त्या घराच्या काचांवर न पाहताच 'निगेटिव्ह' असा शेरा मारला. एकदा नाही, दोनदा. तिसऱ्या वेळी श्रावणातली दुपार होती, वीज आली होती, चहा चांगला झाला होता, आणि सहज म्हणून मी त्यातली एक काच भिंगाखाली सरकवली.

आधी वाटलं माझे डोळे गेले. माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी गोल असते आणि तिच्या पोटात काही नसतं. इथे सगळ्या पेशी लांबट, आणि प्रत्येकीच्या मधोमध एकेक गडद ठिपका. दुसरी काच घेतली. तेच. तिन्ही काचांवर तेच. मी खुर्चीवरून उठलो आणि ओरडलो, "गायकवाड! अहो इकडे या. या घरातली माणसं उद्या अंडी घालणार!"

रक्त कोंबडीचं होतं.

मला वाटलं ते हसतील. तसे ते लगेच हसणारे होते, हसताना पोट धरायचे. त्यांनी भिंगात डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि विचारलं, "यातली वेणूची काच कंची?"

"तीही कोंबडीच."

"आधीच्या दोन खेपेच्या?"

मी चष्मा काढून पुसू लागलो. त्यांना कळलं. ते मला रागावले नाहीत, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त एवढंच म्हणाले, "ती पाच महिन्यांची पोटुशी हाय, लेलेसाहेब. विहिरीवरच्या बाया सांगत हुत्या, एक दिवसाआड दुपारी हुडहुडी भरते तिला. गोदडीत घालून ठेवतात. म्हाताऱ्या बाईनं काच दिली म्हणून मी गप ऱ्हायलो. निगेटिव्ह आली म्हणून निवांत झोपलो."

गरोदर बाईला हिवताप म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पोरही जातं, कधी आईही जाते. ते पिशवी भरू लागले, तशा मीही चपला घातल्या. नोकरीत पहिल्यांदा मी फेरीला निघालो. सहा मैल वाट, निम्मी चिखलाची. मी दोनदा बांधावरून घसरलो, एकदा एका म्हशीने मला वाट दिली नाही. गायकवाड मागे वळून पाहत नव्हते.

अंगणाच्या कडेला पोचलो तशी हाक आली, "ए मलेरिया! थांब तितंच. आज कुठं तुजी पाळी?"

"मोठी आई, जरा हिकडं या. खासगी बोलायचंय."

ती आली. शेजारच्या दोघी बायका कान टवकारून भांडी घासू लागल्या. गायकवाडांना चार माणसांत तिची फजिती करायची नव्हती. त्यांनी आवाज इतका बारीक केला की मलाही वाकावं लागलं. "तुमच्या काचांचा रिपोर्ट आला. रक्त कोंबडीचं हाय."

म्हातारीचा चेहरा हलला नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत, म्हणजे चष्म्यापासून चिखलापर्यंत पाहिलं. "यांला काचंत दिसतं?"

"दिसतं," मी म्हणालो.

"कोंबडी कंची ते बी दिसतं?"

"ते नाही दिसत."

"तांबडी हाय," ती म्हणाली. "तिच्या तुऱ्याला टोचत हुते." मग जरा विचार करून, "म्हनूनच ती अंडी देत नाय वाटतं."

मला हसू आवरेना. पण गायकवाड तिच्याकडेच पाहत होते. "वेणूला ताप हाय ना, मोठी आई?"

ती पदर तोंडाशी नेऊन उभी राहिली. ओटीवरची ती जरब कुठे गेली कोण जाणे. "दोन पोटं गेली तिची," ती म्हणाली. "येक पाचव्यात, येक सातव्यात. आता ह्या खेपंला तिच्या अंगातनं येक थेंब भाईर जाऊ द्यायची नाय मी. तू कायबी बोल."

"त्या दोनी वेळेला ताप हुता?"

तिने एकदा घराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "हुता."

"मग पोर तापानं नेलं. थेंबानं नाय."

ती माझ्याकडे वळली. "आदी दोनदा काचा दिल्या. तवा कसं नाय दिसलं ह्यांला?"

"त्या काचा फुटल्या वाटेत," गायकवाड चटकन म्हणाले. स्वतः कधी काच फोडली नाही या माणसाने. फुटू नये म्हणून भिजायचा. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "फुटल्या नव्हत्या. मी पाहिल्याच नाहीत. कंटाळा केला."

म्हातारीने मान हलवली. "मी फसवलं, तुमी बघितलं नाय. चांगलं चाललंय सरकारचं."

तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि दाराची चौकट धरून वेणू उभी राहिली. अंगावर गोधडी, दातावर दात वाजत होते. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. "आई," ती म्हणाली, "तो आत येत नाय तर मी भाईर येते. मला हे पोर पायजे."

ती चालत आली आणि ओटीच्या पायरीवर बसली. गायकवाड पायरीशी उकिडवे बसले. तिचं बोट स्पिरिटने पुसून त्यांनी सुई टोचली. थेंब काचेवर आला, लालभडक, माणसाचा. मग गोळी. वेणूने डोळे मिटून गिळली आणि पाणी प्यायली. नियमाप्रमाणे आता नाव. तिला उखाणा सुचेना. थंडीने जबडाच जागेवर राहत नव्हता. पाठीमागून सासू खेकसली, "घे गं नाव! गोळी गालात ठेवशील!"

"गणपत," वेणू म्हणाली.

नुसतंच. उखाणा नाही, राव नाही. भांडी घासणाऱ्या दोघींचे हात थांबले. मोठी आई आ वासून सुनेकडे पाहत राहिली आणि मग गायकवाडांना म्हणाली, "चालंल. गिळली."

त्या संध्याकाळी मी ती काच रंगवली. जंतू इतके होते की मी मोजायचे सोडून दिले. डॉक्टर दुसऱ्या दिवशी जीप घेऊन गेले, पोटुशीला चालेल असं औषध ठरवून दिलं, आणि पुढे बाळंत होईपर्यंत दर आठवड्याला एक गोळी. ती गोळी द्यायला गायकवाड त्या घरी आठवड्याला जाऊ लागले. पंधरवड्याच्या माणसाचे हे असे लाड फक्त त्या एका घराने उपभोगले. मीही त्यानंतर कुठलीच काच न पाहता सोडली नाही. डोळ्यांचा नंबर वाढला, पण त्याबद्दल कुरकुर करायची मला लाज वाटते.

पौषात वेणूला मुलगी झाली. काळी, किरकोळ, आणि आवाज असा की ओटीवरून निरोप पाठवावा लागू नये. मोठ्या आईने बारशाचं बोलावणं गायकवाडांना पाठवलं: ओटीवर पान मांडू. ते गेले नाहीत. मला वाटलं मान दुखावला असेल, म्हणून विचारलं. हसले. "अंगण झालं, ओटी झाली. मला राग नाय, साहेब. पन डास काय ओटीवर ऱ्हात नाय. तो ऱ्हातो आत, स्वयंपाकघरात, फडताळामागं. तितं पंप जाईल त्या दिवशी मी जेवीन. नायतर औंदाच्या पावसात ती पोरगी पुन्हा तापानं फणफणंल, आणि मी पायरीवर बसून काचा मोजीन."

मे महिन्यात माझी बदलीची ऑर्डर आली. जायच्या आदल्या दिवशी फवारणीचं पथक नेमकं त्याच गावात होतं, म्हणून निरोप घ्यायला मी तिकडे गेलो. या वेळी घाई नव्हती, तरीही मी घसरलो. गावातल्या सगळ्या घरांचं सामान अंगणात आलेलं. फवारणी करायची तर घर रिकामं करावं लागतं: हंडे, कळशा, पिठाचे डबे, गोधड्या. म्हशी भांबावलेल्या. मोठ्या आईच्या अंगणात मात्र काहीच नव्हतं. ती दारात उभी, आणि गायकवाड तिच्या समोर. मागे पंप घेऊन त्यांच्या वस्तीतले दोघं, नजर जमिनीकडे लावून.

"मी आत येत नाय," गायकवाड सांगत होते. "माज्यासाठी दार उघडूच नका. ह्या दोघांना जाऊ द्या, चुलीपर्यंत. आनि मग अडीच महिने भिंती सारवायच्या नाय. फवाऱ्यातली पावडर शेणाखाली गेली तर डासाला काय होत नाय."

"जमीन?"

"जमीन सारवा रोज."

ती उभीच राहिली. चिंचेखाली वेणू पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी मूठ तोंडात घालून आजीकडे टकमक पाहत होती. म्हातारीने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग आत गेली आणि पहिला हंडा घेऊन बाहेर आली. मग दुसरा. मग लोणच्याची बरणी, पोरीचा पाळणा, दिव्याची बुधली. मदतीला कोणाला हात लावू देईना. वीस-पंचवीस खेपा झाल्या. अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही.

शेवटी ती देव घेऊन बाहेर आली. लाकडी देव्हारा, आत पितळेचे टाक, वर लाल फडकं. दारात थबकली. खाली ठेवावेत तर अंगणभर कोंबड्या आणि म्हशीचं शेण. शेजारपाजारच्या सगळ्यांचे हात आपापल्या सामानात. गणपत पहिल्या पाळीला गेलेला. पोर घेतलेली वेणू उठू शकत नव्हती. म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर आली. मी जन्माने ज्या घरातला, तिथे देव धरायला कोणी आजवर मला हरकत घेतली नव्हती. मी पुढे होऊन हात पसरले.

"तुमी बसा," ती म्हणाली. "तुमाला बसायची सवय हाय."

आणि माझ्या बाजूने चार पावलं पुढे जाऊन तिने देव्हारा गायकवाडांसमोर धरला. "धर, गायकवाड."

त्यांचं नाव तिला ठाऊक होतं हे त्यांनाही त्याच दिवशी कळलं असावं. ते जागचे हलले नाहीत. पंपवाले दोघं वर बघू लागले.

"मोठी आई, मी देवाला नमस्कार करत नाय हां. सांगून ठेवतो."

"तुला कोन सांगतंय नमस्कार कर म्हनून? धर नीट. कलंडतील."

त्यांनी पिशवी खांद्यावरून मागे सारली आणि दोन्ही हातांनी देव्हारा घेतला. म्हातारीने पंपवाल्यांना हाताने आत जायची खूण केली आणि त्यांच्या मागोमाग स्वतःही गेली, चूल कुठे आहे ते दाखवायला.

मला कर्जतची शेवटची एस.टी. धरायची होती. मी "येतो, गायकवाड" म्हणालो, तर त्यांनी नुसती मान हलवली; बोलल्याने देव हलतील अशी भीती वाटत असावी. बांधावर पोचून मी वळून पाहिलं. आतून, अगदी आतून, पंपाचा फुसफुस आवाज येत होता, आणि त्या फवाऱ्याने बिथरलेले डास दारातून बाहेर पडत होते. गायकवाड कोपरं अंगाशी घट्ट धरून ताठ उभे होते. एक डास त्यांच्या मनगटावर बसला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, दारातल्या अंधाराकडे पाहिलं आणि त्याला जेवू दिलं.